न घासलेलं कौल

माझ्या घरात उपाशी राहायची मुभा कोणालाच नाही. पारनेरमध्ये गेली कित्येक वर्षं मी डबे करते. बँकेतले, शाळेतले, तहसीलातले, बाहेरगावाहून बदलून आलेले आणि घरच्या चवीला मुकलेले लोक माझ्या हातचं खातात. कोणाचा डबा अर्धा परत आला, तर दुसऱ्या दिवशी मी विचारते की काय बिनसलं. लोकांना हे फारसं आवडत नाही, पण मी विचारतेच. त्यामुळे माझ्याच बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत एक जीव भुकेने वाळत चाललाय आणि मला त्याचा पत्ता नाही, हे कळलं तेव्हा मला लाज वाटली. आणि मला लाज वाटली की आधी राग येतो.

टाकी लेकीची. कॉलेजात असताना हट्ट करून तिने ती आणली. पुढे नाशिकला कंपनीत नोकरी लागली, भाड्याच्या खोलीत टाकी नेता येईना, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. आत सात-आठ गप्पी मासे आणि तळाशी दोन काळपट, ठिपक्यांचे, चपटे मासे. दुकानदार त्यांना ब्रिसलनोज म्हणतात. तोंड खालच्या बाजूला, ओठ वाटीसारखे, काचेला नाहीतर दगडाला चिकटून तासन् तास बसतात. त्यातल्या नराच्या नाकाडावर मिशा असतात, फांद्या फुटलेल्या, राठ. मादीला जवळजवळ नसतातच. आम्ही त्याला मिशीवाला म्हणायचो आणि तिला मिशीवाल्याची.

जाताना लेकीने फ्रिजवर कागद चिकटवला. फिल्टर बंद करू नये. सगळं पाणी एकदम बदलू नये. नळाचं पाणी दिवसभर बादलीत ठेवून मग घालावं. टाकीला साबण लावू नये, आणि साबण या शब्दाखाली दोन रेघा. मग दारात चपला घालता घालता म्हणाली, "आई, त्यांना फार स्वच्छ ठेवू नकोस."

"म्हणजे घाणीत ठेवू?"

"तसं नाही गं," ती म्हणाली, तेवढ्यात रिक्षा आली आणि ती गेली.

माझी स्वच्छता हा आमच्या घरात थट्टेचा विषय आहे. आमचे हे पाहुण्यांना सांगतात, हिच्यासमोर फार वेळ एका जागी बसू नका, पुसून काढेल. त्यांनी थट्टा करावी, मला फरक पडत नाही. टाकीच्या काचेवर आतून हिरवट थर धरायचा, तो मला बघवेना. रोज दुपारचे डबे गेले की मी हात कोपरापर्यंत धुवायची आणि स्वच्छ फडक्याने काच आतून पुसायची. साबण नाही लावला हं कधी. कागदावर लिहिलेलं मी तंतोतंत पाळत होते आणि मनातून स्वतःवर खूश होते.

दीड-दोन महिन्यांनी मिशीवाला समोरच्या काचेला चिकटला होता आणि मला त्याचं पोट दिसलं. खपाटीला गेलेलं. दोन्ही बाजूंनी आत ओढलेलं, आणि डोकं मात्र मोठं. असं पोट मी ओळखते. मी नगरला किराणा आणायला जाते तिथे जवळच माशांचं दुकान आहे, तिथे गेले आणि विचारलं, याला खायला काय घालायचं.

दुकानदार म्हणाला, "ताई, तो सकर आहे. टाकीतली घाण खातो. त्याला वेगळं काय घालायचं?"

"माझ्या टाकीत घाण नाही," मी म्हणाले.

तो हसला. म्हणाला, "मग त्याचा उपासच." तो गमतीने बोलला, पण मला ते झोंबलं. एसटीत परत येताना मी सुप्याच्या पुढे मनाशी ठरवूनच टाकलं. दुसऱ्याची घाण खाऊन कोणी जगतो ही समजूत सगळ्यांच्याच सोयीची असते, एक त्या खाणाऱ्याची सोडून. हा मासा माझ्या घरी घाणीवर जगणार नाही. त्याला मी ताट वाढणार.

काय वाढायचं हे मात्र मला कोणी सांगितलं नाही, ते माझं मीच शोधलं. पहिल्यांदा काकडीची चकती टाकली, ती वर तरंगत बसली. गप्पींनी तिला टोचे मारले, मिशीवाला तळाशीच. मग स्टीलचा एक जुना काटा-चमचा घेतला, त्यात चकती खुपसून तळाशी सोडली. तो तिला शिवलाही नाही. दुसऱ्या दिवशी तशीच ठेवली, म्हटलं खाईल भुकेने. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं आणि एक गप्पी उलटा पडला होता. ती चूक माझीच. शिळं खायला घालायचं नाही हा नियम मी माणसांना लावते आणि माशाला लावला नव्हता. त्यानंतर संध्याकाळी टाकलेलं सकाळी काढायचंच, कितीही उरलेलं असो.

शेवटी दोडक्याने काम केलं. शिरा काढलेला, बोटभर तुकडा, दोन उकळ्या आणलेला, आतून मऊ आणि बाहेरून जेमतेम घट्ट. पहाटे पाचला मी कणीक भिजवायला उठते, तेव्हा दिवा लावून बघितलं तर काट्याला दोडक्याची नुसती साल लोंबत होती, आणि मिशीवाला त्या सालीलाही सोडत नव्हता. मी तिथे कणकेचे हात घेऊन उभी होते. इतका आनंद मला तहसीलातल्या साहेबांनी केलेली डब्याची तारीफ ऐकूनही झाला नव्हता.

मग आवडीनिवडी कळत गेल्या. दुधी चालतो. गाजर चांगलं शिजलेलं. पालक उकळत्या पाण्यातून काढून. मेथीकडे ढुंकूनही बघत नाही. भाजी आणली की आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवते, कारण फवारणी कुठे कशी झाली असेल काही सांगता येत नाही. शिवाय या जातीला लाकूड लागतं, चघळायला, पोट साफ राहायला. हे मला मोबाईलवर कळलं. परसात पेरूचं एक झाड वाळून गेलं होतं, त्याचं खोडाजवळचं हातभर लाकूड मी तोडून घेतलं आणि डब्यांच्या मोठ्या पातेल्यात तीन दिवस उकळलं. रोज पाणी चहासारखं व्हायचं, रोज ओतून द्यायचं. यांनी विचारलं, "आज कोणाला पाठवतेस ही भाजी?" मी पातेल्यावर झाकण ठेवलं. चौथ्या दिवशी लाकूड बुडालं.

राहायला जागा त्याला नव्हती. लेकीने प्लॅस्टिकचा एक किल्ला ठेवला होता, त्याच्या दारातून गप्पी शिरतील एवढंच. मिशीवाला दिवसभर फिल्टरच्या मागे अंग चोरून बसायचा. माझं माहेर नगरच्याच अकोले तालुक्यात, राजूरजवळ. भावाने घराची जुनी नळीची कौलं उतरवून पत्रा टाकला होता आणि कौलं पडवीला लागून रचून ठेवली होती. मी तिकडे गेले तेव्हा त्यातली दोन पिशवीत घालून आणली. भाऊ म्हणाला, "आक्का, लोक म्हायेराहून तांदूळ नेत्यात." तांदूळही आणले होते, पण ते त्याला कशाला सांगू.

अर्धगोल कौल वाळूवर पालथं ठेवलं, मागचं तोंड सपाट दगडाने बंद केलं. अर्ध्या तासात मिशीवाला आत. आत गेला तो दारात मिशा काढून बसला आणि मादी जवळ आली की तिला हुसकायला लागला. तिच्यासाठी दुसरं कौल पलीकडच्या कोपऱ्यात ठेवलं. दोघांची बिऱ्हाडं लागली.

आता मुख्य गोष्ट, जी सांगायला मला अजून जड जाते.

आमच्याकडे घट बसायच्या आत दसरा काढतात. म्हणजे घरातली एकूण एक वस्तू बाहेर काढून धुवायची. गोधड्या, पडदे, फळीवरची भांडी, डब्यांची झाकणं, चाळण्या, देवाची घंटा. काही राहिलं तर घट बसत नाही, असं माझ्या सासूबाई म्हणतात. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, कर्जतकडच्या, आणि आमच्याकडेच असतात. मी त्यांना आत्या म्हणते. बाकी कशावरही आमचं पटत नाही, पण दसरा काढण्यात आम्ही दोघी एका बाजूला आणि बाकीचं जग दुसऱ्या बाजूला असतं. त्या वर्षी सगळं घर निघालं आणि शेवटी टाकी राहिली. मी मासे बादलीत काढले, वाळू, लाकूड, कौलं, सगळं बाहेरच्या ओट्यावर मांडलं. कामाच्या आधी मला फोटो काढायची सवय आहे, म्हणजे नंतरचा फरक कळतो. ओट्याचा फोटो काढून लेकीला पाठवला आणि खाली लिहिलं, टाकीचाही दसरा.

मग मोबाईल आत ठेवून बसले घासायला. साबण नाही. कढत पाणी आणि तारेची घासणी. मिशीवाल्याचं कौल उलटं केलं तर आतल्या बाजूला, पार मागे, नारिंगी दाण्यांचा एक गठ्ठा चिकटलेला होता. मुगाएवढे दाणे, एकमेकांना धरून. मला वाटलं बुरशी, नाहीतर शिजलेल्या भाज्यांची काहीतरी घाण. मी वैतागले. जोर लावून घासलं. दाणे चिवट होते, फुटताना त्यांच्यातून पिवळं निघत होतं. एकही ठेवला नाही. वरून कढत पाणी ओतलं आणि कौल उन्हात वाळत टाकलं.

संध्याकाळी टाकी भरली, इतकी चकचकीत की सासूबाई म्हणाल्या, "आता कसं." मोबाईलवर लेकीचे तीन फोन येऊन गेलेले दिसले. मी उलटा फोन लावला. ती म्हणाली, "झाली का टाकी धुऊन?" मी म्हणाले, "चकाचक." ती मग "बरं" म्हणाली आणि जेवलीस का विचारलं. आठवड्याने तिने माशांच्या खाद्याची पाकिटं कुरिअरने पाठवली. तळाशी बुडणाऱ्या गोळ्या होत्या. सोबत एक ओळ, आता त्यांना रोज चांगलं घालत जा.

मिशीवाला मात्र दोडका खाईना. धुतलेल्या कौलात मागे तोंड करून बसायचा आणि पर हलवत राहायचा, जिथे ते दाणे होते तिथेच, वारा घातल्यासारखं. चार दिवस तो तसाच. मी पुढच्या खेपेला दुकानदाराला सांगितलं. तो हातातलं काम थांबवून म्हणाला, "ताई, अंडी होती ती. नर त्यांना वारा घालतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत खात नाही की हलत नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "होतं असं. तुम्हाला काय माहीत."

मला माहीत नव्हतं, हे खरं. पण माझ्याच हाताने, माझ्याच घासणीने, हेही खरं. आणि तो बाप रिकाम्या कौलाला वारा घालत होता. त्या दिवशी मी डबे नेहमीसारखे भरले आणि एकाही भाजीत मीठ घातलं नाही. सगळे डबे अर्धे परत आले, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच मी कोणाला काही विचारलं नाही.

लेकीला मी सांगितलं नाही. रोज फोन व्हायचा, मासे कसे आहेत ती विचारायची, मी म्हणायची मजेत. मनात एकच ठरवलं होतं. पुन्हा अंडी होऊ देत, पिल्लं निघू देत, मग पिल्लं दाखवून सगळं सांगेन. रिकाम्या हाताने सांगणार नाही.

वर्षभर मी त्या एका गोष्टीच्या मागे होते. पारनेरात उन्हाळ्यात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. आलं की आधी हंडे, मग पिंप, आणि एक बादली टाकीची, झाकून ठेवलेली, तिला कोणी हात लावायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, "मान्साला प्यायाला पानी न्हाई आन् हिच्या माशाला पुरवनी." टाकीतून काढलेलं पाणी मी कढीपत्त्याला घालायची. कढीपत्ता असा फोफावला की अर्धी गल्ली मागायला यायची, आणि त्या काड्या तोडून देण्याचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं, त्यामुळे तो विषय मिटला. काच पुसणं मी कमी केलं. फक्त समोरची बाजू, तीही आठवड्याने. बाकी तीन बाजूंना हिरवं धरू दिलं. कसं राहवलं माझं मला माहीत. जाता-येता हाताला खाज सुटायची.

दोडका, दुधी, गोळ्या, पालक. मादीचं पोट भरलं, मिशीवाल्याच्या मिशा वाढल्या. पण अंडी नाहीत. एकदा मादी कौलाच्या तोंडाशी दोन दिवस रेंगाळली आणि निघून गेली. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. पावसाळ्यात गार पाणी घालायला लागले तेव्हा पुन्हा काही हालचाल दिसायला लागली, आणि अंडी झाली ती नेमकी पितृपक्षाच्या शेवटी. घट बसायला दोन दिवस राहिले होते. घर निम्मं निघालं होतं, गोधड्या दोरीवर होत्या. सकाळी मोबाईलच्या उजेडात मी कौलात बघितलं, तर मिशीवाला उलटा वळलेला, आणि त्याच्या पोटामागे ते नारिंगी दाणे. मी तिथेच जमिनीवर बसले.

सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बसली काय? टाकी कवा काढती?"

"टाकी यंदा काढायची नाही, आत्या."

"म्हंजी?"

"अंडी आहेत आत. हात लावायचा नाही."

त्या म्हणाल्या, "घरातला चमचान् चमचा निघाला आन् शेवाळलेली टाकी देवाच्या समूर ऱ्हानार? मग मी घट बसवनार न्हाई." देवघर त्याच खोलीत आहे, टाकीच्या समोरच्या भिंतीला. त्यांनी आयुष्यात कधी घट चुकवला नाही. सासरे गेले त्या वर्षी सुतक होतं तेव्हा शेजारणीकडून बसवून घेतला, पण चुकवला नाही. मी म्हणाले, नका बसवू. असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्या आत गेल्या आणि दिवसभर माझ्या हातचा चहा घेतला नाही. यांनी दोन्ही खोल्यांतून एकेक चक्कर मारली आणि शहाणपणाने बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी डबे गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि गेल्या वर्षीचं सगळं सांगितलं. तारेची घासणी, पिवळं पाणी, चार दिवस त्याचं वारा घालणं. लेकीला सांगितलं नाही तेही. सांगताना माझा आवाज फुटला, मला ते आवडलं नाही, पण फुटला. सासूबाई ऐकत होत्या. मग काठी घेऊन उठल्या, बाहेरच्या खोलीत गेल्या आणि खुर्ची टाकीपाशी ओढायला लावली. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, जवळचं बरं दिसतं. मी मोबाईलचा उजेड धरला. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या.

"खातो का काय?"

"नाही. एकदा बसला की खात नाही."

"किती दिस?"

"पिल्लं बाहेर पडेपर्यंत. दहा-बारा दिवस."

"आन् भायेर?"

"बाहेरही येत नाही."

त्या सरळ झाल्या. आमच्याकडे घट बसला की देव विड्याच्या पानावर ठेवतात. नऊ दिवस देवांना आंघोळ नाही, जागचं हलवणं नाही. सासूबाई स्वतः ते नऊ दिवस उपास करतात, एका वेळी भगर आणि ताक. त्यांनी देवघराकडे बघितलं, टाकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बसलेल्याला हलवत न्हाईत. भायेरनं तेवढी काच पुसून घे." मग जरा थांबून, "आन् च्या ठिव."

सकाळी घट बसला. काळ्या मातीत गहू पेरले, वर कलश, पहिली माळ. रोज माळ बांधून झाली की सासूबाई विचारायच्या, "हाय का?" मी कौलात बघून सांगायची, आहे. तिसऱ्या माळेला दोन दाणे पांढरे पडले होते, ते त्याने तोंडाने उचलून बाहेर टाकले. पाचव्या माळेला दाण्यांना शेपट्या फुटलेल्या दिसल्या. दाण्याला चिकटलेली शेपटी, आणि ती हलत होती. मी सासूबाईंना दाखवलं, त्यांना दिसलं की नाही कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, "व्हय."

सहाव्या माळेला सकाळी अकराला लाईट गेली. रोहित्र जळालं, संध्याकाळशिवाय काही होत नाही असं समोरच्या वायरमनने सांगितलं. ऑक्टोबरचं ऊन. फिल्टर बंद, पाण्यात हवा जायला मार्ग नाही. तासाभरात गप्पी वर तोंड काढायला लागले. मी तांब्या धुतला, टाकीतलंच पाणी घेऊन वरून धार धरायला सुरुवात केली, म्हणजे फेस होऊन हवा मिसळेल. भरायचा, ओतायचा, भरायचा, ओतायचा. कौलापासून लांबच्या बाजूला, त्याला धक्का लागू नये म्हणून. खांदा भरून आला. आणि आत डबे खोळंबले होते, बारा वाजत आलेले.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर. तू भाकऱ्या टाक."

"तुमचा उपास आहे, आत्या. हात दुखतील."

"सर म्हनते न्."

त्यांनी खुर्ची ओढून घेतली, तांब्या जड म्हणून आपलं पाणी प्यायचं फुलपात्र घेतलं, आणि धार धरली. मी डबे भरून पाठवले, येऊन त्यांच्या हातातून फुलपात्र घेतलं, अर्ध्या तासाने त्यांनी परत माझ्या हातातून घेतलं. मधे त्यांनी एकदाच थांबून विचारलं, गेल्या साली किती हुती. मी म्हणाले, मोजली नव्हती. साडेपाचला लाईट आली. फिल्टर चालू झाला तेव्हा आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो होतो. मिशीवाला आत होता आणि त्याचे पर हलत होते.

पुढचे दिवस मला वेगळे आठवत नाहीत. मी कामं केली, माळा झाल्या, तो खात नव्हता, त्या भगर खात होत्या.

दसऱ्याच्या सकाळी पुरण शिजायला लावून मी टाकीपाशी आले. मागच्या काचेवर, जिथे वर्षभर मी हिरवं धरू दिलं होतं, बोटाच्या पेराहूनही लहान पिल्लं चिकटलेली होती. काळी, ठिपक्यांची, ओठ काचेला लावून खात होती. सव्वीसपर्यंत मोजली, मग एक-दोन जागा बदलायला लागली आणि मला पाण्यामुळे नाही, डोळ्यांमुळे दिसेना. मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, बघितलं, आणि आपल्या घटातलं उगवलेलं गव्हाचं धन उपटून त्यातली दोन पाती टाकीच्या झाकणावर ठेवली.

लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिला सुट्टी होती. आधी पिल्लं दाखवली. ती ओरडली नाही, फक्त फोन डोळ्यांजवळ नेला आणि एकेक बघत राहिली. मग मी कॅमेरा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "तुला एक सांगायचंय. गेल्या दसऱ्याला पण अंडी होती. मी घासून काढली. मला वाटलं घाण आहे. तुला वर्षभर खोटं बोलले."

ती म्हणाली, "आई, मला माहीत होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"तू ओट्याचा फोटो पाठवला होतास ना. कौल कडेवर पडलं होतं. मोठा करून बघितला तर आत दिसत होती. मी तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू दुसऱ्या दिवशी टाकी देऊन टाकली असतीस," ती म्हणाली. "आणि स्वतःला बोल लावत बसली असतीस. पुन्हा कधी हात लावला नसतास."

खरं होतं ते. मी अगदी तसंच केलं असतं. रोजच्या रोज ती मला मासे कसे आहेत विचारत होती, मी मजेत म्हणत होते, ती बरं म्हणत होती. वर्षभर मला वाटत होतं की लपवतेय मी.  आतून पुरण करपल्यासारखा वास यायला लागला तरी मी तिथेच उभी.

"बापाला काय घातलंस खायला?" तिने विचारलं.

"अजून काही नाही."

"मग घाल की. मी आहे."

मी फोन देवघराच्या कडेला टेकवून ठेवला, टाकी दिसेल असा. दोडक्याचा तुकडा दोन उकळ्या आणून काट्याला लावला आणि कौलापासून वितीवर सोडला. जरा वेळ काही नाही. मग कौलाच्या तोंडाशी मिशा दिसल्या. पोट पार आत गेलेलं, पर कडेला फाटलेले. तो दिवसाउजेडी बाहेर आला, वाळूवरून घसरत दोडक्यापाशी गेला आणि चिकटला. तो अर्धा तुकडा संपवेपर्यंत मी इकडे आणि ती तिकडे, फोन चालू ठेवून, नुसतं बघत बसलो.